३८४ चा धाक सोडा, आधी फॉर्म पुन्हा वाचा

पत्र :

नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यातली. साताऱ्यातल्या एका विशेष शाळेत शिक्षिका आहे आणि नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करते. विषय आहे, सातारा जिल्ह्यातली दिव्यांग मुलं-मुली दहावीनंतर पुढं का शिकत नाहीत. आतापर्यंत ७३ फॉर्म भरून झालेत, त्यातले ३१ एकाच निवासी शाळेतून आलेत. गाइड म्हणतात, ३८४ पाहिजेत, नाहीतर आकडेवारीला अर्थ नाही. बरोबरची एक मैत्रीण म्हणते, उरलेले घरी बसून भर, कोण विचारतंय. एका कॉम्प्युटर सेंटरवाल्यानं १८ हजारांत 'डेटा अॅनालिसिस आणि चौथं प्रकरण' करून देतो म्हणून सांगितलंय. संख्याशास्त्राच्या टेस्ट कुठल्या लावायच्या तेही तोच ठरवणार. मी बारावी आर्ट्सची, गणिताची भीती पहिल्यापासून. त्याला काम दिलं तर ती फसवणूक होईल का? संख्याशास्त्राच्या माणसाकडं जायचं तर ओळख नाही, आणि त्यांना आमच्या मुलांबद्दल काय माहीत असणार? सोबत कोरा फॉर्म पाठवते. आमच्या शाळेतले एक सर पूर्ण अंध आहेत. त्यांनाही पीएच.डी. करायचीय, पण त्यांच्या वर्गात सहाच मुलं आणि वर ही आकडेवारी, म्हणून मागं सरलेत. त्यांना काय सांगू?

— एक विशेष शिक्षिका

उत्तर :

ताई,

मैत्रिणीचा सल्ला आधी निकालात काढू. घरी बसून एकही फॉर्म भरू नका. मनानं भरलेल्या फॉर्मांतली उत्तरं फार गुळगुळीत येतात, जाणत्या परीक्षकाला ती दिसतात, हे खरं आहे. पण पकडलं जाण्याची भीती हा त्यातला लहान भाग झाला. तुम्ही ज्या मुलांबद्दल लिहिताय त्यांच्याबद्दल मुळातच फार थोडं लिहिलं गेलंय. उद्या जिल्हा परिषदेत कुणी 'ही मुलं दहावीनंतर कुठं जातात' हे शोधायला बसलं, तर त्याच्या हाती तुमचाच प्रबंध लागण्याची शक्यता जास्त. त्यातली ३११ मुलं कल्पनेतली असली, तर वसतिगृह कुठं हवं आणि प्रवासाची सोय कुणाला हवी हेही कल्पनेतल्या मुलांवरूनच ठरेल.

आता तो ३८४. गाइडनी हा आकडा हवेतून आणलेला नाही. क्रेजसी आणि मॉर्गन या दोघांनी १९७० मध्ये नमुन्याच्या आकाराचा एक तक्ता प्रसिद्ध केला. लोकसंख्या दहा लाख असेल तर नमुना ३८४, असं त्यात आहे. आपल्याकडच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, तो तक्ता डोळे झाकून उतरवला जातो. त्याच्या अटी मात्र कुणी उतरवत नाही. एखाद्या गोष्टीचं प्रमाण काढायचंय, ते पाच टक्के इकडंतिकडं चालेल, ९५ टक्के खात्री हवी, प्रमाण निम्म्याच्या आसपास धरलंय आणि माणसं चिठ्ठ्या टाकावीत तशी निवडली आहेत. हे सगळं जमलं तर ३८४. याच हिशेबानं ७३ फॉर्मांत चूक साडेअकरा टक्क्यांच्या घरात जाते. '६० टक्के मुलं प्रवासामुळं थांबली' असं तुम्हाला मिळालं, तर खरं प्रमाण साधारण ४९ ते ७१ च्या मध्ये कुठंतरी. हा पट्टा रुंद आहे, पण निरुपयोगी नाही. तो तसाच छापावा, लपवू नये.

प्रमाण काढण्याऐवजी दोन गटांची तुलना करायची असेल, समजा मुलं आणि मुली, तर हिशेबच बदलतो. दोन गटांतला मध्यम फरक पकडायला दर गटात साधारण ६४ जण लागतात, मोठा फरक पकडायला २६ पुरतात. म्हणजे 'किती फॉर्म हवेत' याचं उत्तर तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. गाइडना हे भांडून सांगू नका. नमुन्याचा हिशेब एका कागदावर मांडून घ्या आणि तो कागद त्यांच्यापुढं ठेवा. बहुतेक गाइड ३८४ धरून बसतात, कारण त्यांनाही त्यांच्या वेळी कुणी वेगळं सांगितलेलं नसतं.

पण तुमची खरी अडचण ७३ या आकड्यात नाहीच. ती फॉर्ममध्ये आहे, आणि ती मुलं कुठून आली त्यात आहे.

तुमचा प्रश्न १४ बघा. 'घरापासून बसथांब्यापर्यंत चालत जाताना किती त्रास होतो?' पुढं ० अजिबात नाही, १ थोडा, २ बराच, ३ खूप. शेवटी 'लागू नाही' अशी एक चौकट, तिला आकडा दिलेला नाही. आता व्हीलचेअर वापरणारा मुलगा काय करणार? तो चालतच नाही, म्हणून 'लागू नाही'वर खूण करणार. सेंटरमध्ये डेटा भरणाऱ्या पोराला रिकामा रकाना ठेवायला भीती वाटते, तो तिथं ० टाकणार. झालं. ज्याला बसथांबा गाठणं सगळ्यात अवघड, तो मुलगा 'अजिबात त्रास नाही' या गटात जाऊन बसला. सरासरी खाली आली आणि तुमच्या चौथ्या प्रकरणात वाक्य आलं की, बसथांब्यापर्यंतचं अंतर हा महत्त्वाचा अडथळा आढळला नाही. जगातली कुठलीही टेस्ट ही चूक पकडणार नाही, कारण टेस्टला शून्य म्हणजे शून्यच दिसतं. ही चूक पकडू शकते ती तुम्ही. त्या मुलाला उचलून एसटीच्या पायऱ्या चढवणारा बाप तुम्ही पाहिलेला असतो.

तेव्हा 'लागू नाही'ला ८ आणि 'उत्तर दिलं नाही'ला ९ असे वेगळे आकडे द्या, आणि सॉफ्टवेअरला सांगा की हे दोन्ही हिशेबात धरायचे नाहीत. त्याहून बरं, प्रश्नच बदला. 'बसथांब्यापर्यंत पोचायला किती अडचण येते, आणि कुणाची मदत लागते?' असं विचारलं की कुणीच बाहेर राहत नाही. आधी भरलेल्या फॉर्मांपैकी ज्यांच्यावर 'लागू नाही' आहे, त्या घरांना फोन करून हा एक प्रश्न पुन्हा विचारता येईल.

दुसरी उणीव जास्त नाजूक आहे. उत्तर कुणी दिलं, याला तुमच्या फॉर्ममध्ये जागाच नाही. कर्णबधिर मुलाच्या फॉर्मवरची उत्तरं त्याची की शेजारी बसलेल्या भावाची? 'पुढं का शिकली नाही' याला आई म्हणते, 'तिलाच शिकायचं नव्हतं.' मुलीला एकटीला विचारलं तर ती कदाचित सांगेल, घरून सोडलं नाही. दोन्ही उत्तरं नोंदवण्यासारखी आहेत, पण ती एका रकान्यात एकत्र ओतली की त्याला काही अर्थ राहत नाही. फॉर्मच्या डोक्यावर तीन चौकटी टाका : स्वतः, कुणाच्या मदतीनं, दुसऱ्यानंच. विश्लेषणात हे गट आधी वेगळे बघा. जिथं खुणांची भाषा येणारे शिक्षक मिळतील तिथं काही मुलांना थेट विचारून बघा, आणि घरच्यांच्या उत्तराशी किती जुळतं ते मांडा. माझ्या मते तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात मोलाचं पान तेच ठरेल.

तिसरं, प्रश्न ९, दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी. तिची सरासरी काढू नका आणि तिच्याशी कशाचं कोरिलेशनही (सहसंबंध) लावू नका. श्रवणदोषाचे ६० टक्के आणि अस्थिव्यंगाचे ६० टक्के वेगवेगळ्या मोजमापांतून येतात, ते एका पट्टीवरचे आकडे नाहीत. शिवाय सवलती ४० टक्क्यांपासून लागू होतात, त्यामुळं त्याखालची मुलं प्रमाणपत्रांच्या यादीत फारशी येतच नाहीत. टक्केवारी नोंदवून ठेवा, पण रोजच्या जगण्यातली अडचण मोजायला वॉशिंग्टन ग्रुपचे सहा प्रश्न घ्या. हा गट २००१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या अंतर्गत काम करतो. दिसणं, ऐकू येणं, चालणं किंवा पायऱ्या चढणं, लक्षात ठेवणं, स्वतःचं स्वतः आवरणं आणि दुसऱ्याशी बोलणं-समजणं, एवढेच सहा प्रश्न. उत्तरं चार : काही अडचण नाही, थोडी, खूप, आणि जमतच नाही. सहापैकी एका प्रश्नाला जरी 'खूप' किंवा 'जमतच नाही' आलं, तरी ती व्यक्ती दिव्यांग धरायची. अठराच्या आतल्यांसाठी युनिसेफबरोबर केलेला वेगळा संच आहे, तो आईला किंवा सांभाळणाऱ्याला विचारायचा असतो. तुमची बरीच मुलं सोळा-सतराची असणार, तेव्हा हे ध्यानात घ्या. मराठी केलं तर एकानं मराठीत आणावं, दुसऱ्यानं मूळ न बघता परत इंग्रजीत न्यावं, आणि मग दोन्ही ताडून बघावं.

एवढी खटपट कशाला, असं वाटेल. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग मोजले गेले, म्हणजे २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये जगाचा अंदाज दिला तो १६ टक्क्यांचा. एवढ्या मोठ्या तफावतीत प्रश्न कसा विचारला आणि रेघ कुठं मारली याचा वाटा फार मोठा आहे. तुम्हीही तुमच्या फॉर्ममध्ये तशीच एक रेघ मारताय.

आता मुलं कुठून आली ते. तुमची ७३ मुलं ओळखीच्या शाळा, कार्यशाळा आणि तपासणी शिबिरं यांतून मिळालेली असणार. म्हणजे कुठल्या ना कुठल्या संस्थेशी धागा असलेली मुलं. दहावीनंतर जी खरोखर घरी बसली, जावळीच्या किंवा पाटणच्या वाडीवर, जिथं एसटी दिवसातून एखादी, ती मुलगी तुमच्या यादीत नाही. आणि तुमचा प्रश्न तर तिच्याबद्दलचाच आहे. याच पद्धतीनं ७३ चे ३८४ केलेत तरी एकांगीपणा जागच्या जागी राहील, फक्त त्याला मोठ्या आकड्याचा रुबाब येईल. निवासी शाळेतल्या ३१ जणांचं आणखी वेगळं. एकच वसतिगृह, तेच शिक्षक, तोच रस्ता, त्यामुळं त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात. एका शाळेतून २० मुलं घेतली आणि त्यांच्यात अगदी थोडं, ० ते १ च्या पट्टीवर ०.०५ एवढंच साम्य धरलं, तरी शंभर मुलं मिळून जेमतेम पन्नास सुट्या मुलांइतकीच माहिती देतात.

यावर आपल्याच जिल्ह्यातून वाट निघते. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यासाठी गावात दिव्यांगांची नोंद ठेवावी लागते. दोन डोंगरी तालुके, दोन दुष्काळी तालुके घ्या, समजा पाटण, जावळी, माण, खटाव. प्रत्येकातल्या गावांच्या चिठ्ठ्या टाकून थोडी गावं निवडा आणि ग्रामसेवक, आशाताई, अंगणवाडीताई यांच्याकडून परवानगीनं त्या गावातल्या घरांपर्यंत पोचा. यादी कागदावर उतरवून आणण्यापेक्षा, आशाताईंनी आधी घरच्यांना विचारावं आणि ते हो म्हणाले तरच तुम्ही जावं, हे जास्त बरं. प्रत्येक गावात दोन-चारच फॉर्म मिळतील. चालतील. असे ६० फॉर्म ओळखीच्या तीनशेंपेक्षा जास्त बोलतात.

गावं चिठ्ठीनं निवडायची ही रीत आपल्या मातीला परकी नाही. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे याच जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मले. देशात पिकाचा अंदाज पूर्वी बराचसा नजरेनं, आणेवारीनं होत असे. सुखात्म्यांनी गावं आणि शेतं यादृच्छिक निवडून, ठरलेल्या आकाराच्या तुकड्यातलं पीक प्रत्यक्ष कापून-मोजून अंदाज बांधायची पद्धत रुजवायला मोठा हातभार लावला. पुढं ते जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत गेले आणि १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ज्या खटावमध्ये तुम्ही फॉर्म घेऊन फिराल, तिथलाच हा माणूस.

हातातल्या ७३ फॉर्मांचं काय? फेकू नका. ते संस्थांशी जोडलेल्या मुलांचं चित्र म्हणून वेगळं ठेवा आणि तसं स्पष्ट लिहा. फक्त त्यांच्यावर भलता भार टाकू नका. अपंगत्वाचे चार प्रकार आणि शिक्षण थांबण्याची पाच कारणं असा तक्ता केला की वीस घरं होतात. ७३ ला वीसनं भागलं की घरटी साडेतीनच्या आसपास येतात. तक्त्यातला संबंध योगायोगाचा आहे का हे बघणाऱ्या काय-स्क्वेअर टेस्टला प्रत्येक घरात अपेक्षित संख्या साधारण पाच तरी लागते. तेव्हा प्रकार एकत्र करा, पण अर्थानं एकत्र करा, नुसती संख्या भरावी म्हणून नको. नाहीतर लहान संख्येला चालणारी फिशरची एक्झॅक्ट टेस्ट वापरा. काही ठिकाणी टेस्ट न लावता तक्ता मांडून दहा-बारा मुलांच्या सविस्तर मुलाखती त्याशेजारी ठेवा. आणि पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०८, म्हणजे नेहमीच्या ०.०५ च्या वर आली म्हणून 'फरक नाही' असं लिहू नका. फरक सिद्ध करण्याइतकी मुलं आपल्याकडं नव्हती, असाही त्याचा अर्थ असतो.

आता तो सेंटरवाला. फॉर्मवरचे आकडे एक्सेलमध्ये टाइप करून घेणं, आलेख नीट काढून घेणं, यात फसवणूक नाही. पैसे द्या आणि ऋणनिर्देशात नाव लिहा. पण टेस्ट कुठली हे तो ठरवणार आणि प्रकरण तो लिहिणार, त्यावर नाव तुमचं, हे चालणार नाही. दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून मांडणं याला यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम वाङ्मयचौर्यच म्हणतात, मग ते काम विकत घेतलेलं का असेना. व्हायवाला परीक्षक विचारतील, 'ही टेस्ट का?' तेव्हा तो सेंटरवाला शेजारी नसेल.

आणि त्याला फाइल देण्याआधी त्यातून नाव, मोबाइल नंबर, युडीआयडी (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) क्रमांक आणि वाडीचं नाव काढा. प्रत्येक मुलाला एक क्रमांक द्या. क्रमांक आणि नावं जोडणारी वही तुमच्या कपाटात राहू द्या. एखाद्या छोट्या वाडीत 'अठरा वर्षांची, अंध, मुलगी' एवढं म्हटलं की नाव सांगावंच लागत नाही, म्हणून गावाऐवजी तालुका पुरे.

याच संदर्भात कायद्याची एक गोष्ट, जी बऱ्याच सिनॉप्सिसमध्ये सापडत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या सहाव्या कलमानुसार दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा मार्गानं घेतलेली तिची स्वतःची संमती लागते, आणि सरकारनं नेमलेल्या संशोधन समितीची पूर्वपरवानगीही. त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संघटनेतले असावे लागतात. तुमच्या अभ्यासाला हे नेमकं कसं लागू होतं, हे विद्यापीठाच्या नैतिक समितीला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. कर्णबधिर मुलाची संमती छापील परिच्छेदावर सही घेऊन होत नाही, ती त्याच्या भाषेत समजावून घ्यावी लागते.

संख्याशास्त्राच्या माणसाकडं जायचं का? जायचंच, आणि पुढचे फॉर्म छापायच्या आधी जायचं. १९३८ मध्ये कोलकात्याला भरलेल्या भारतीय सांख्यिकी परिषदेत इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर म्हणाले होते की, प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बहुधा त्याला शवविच्छेदन करायला सांगणं. प्रयोग कशानं मेला तेवढं तो सांगू शकतो. आपल्याकडं आजही बहुतेक संशोधक डेटा संपल्यावरच दार ठोठावतात.

कुणाकडं? शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे, साताऱ्याहून कोल्हापूरला एका दिवसात जाऊन येता येतं. साताऱ्यात आणि सांगलीत पदवीला संख्याशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत. कराड, मिरज आणि साताऱ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचा विभाग असतो, तिथं आरोग्याच्या सर्वेक्षणांची सवय असलेली माणसं भेटतात. ओळख लागत नाही. विभागप्रमुखांना ईमेल करा, एक तास मागा, आणि सोबत एकच पान पाठवा. तुमचा प्रश्न एका वाक्यात, मुलं कोण आणि कशी निवडणार, फॉर्म कोण भरणार, आणि शेवटी कुठला तक्ता हवाय तो रिकामा काढून. तो रिकामा तक्ता काढताना तुमच्याच लक्षात येईल की, तुमच्या चाळीस प्रश्नांतले निम्मे कुठल्याच तक्त्यात जात नाहीत. एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या मुलांना प्रोजेक्टसाठी खरा डेटा हवाच असतो. त्यांच्या सरांशी बोलून, नावं काढलेल्या डेटावर एखाद्या विद्यार्थ्याबरोबर काम करता आलं तर दोघांचंही भलं होईल. हिशेबाला पैसेही लागत नाहीत. आर, जामोवी, जास्प ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

'त्यांना आमच्या मुलांबद्दल काय माहीत असणार,' हे तुम्ही विचारलंत ते अगदी बरोबर आहे. माहीत नसणार. पण ते सांगायलाच तर तुम्ही तिथं बसलेल्या असता. 'लागू नाही' म्हणजे काय, भावानं उत्तर दिलं म्हणजे काय, वसतिगृहातली मुलं एकसारखी का बोलतात, हे तुम्ही सांगायचं. त्याचं गणितात काय करायचं हे त्यांनी. गणिताच्या भीतीनं हे बोलणं टाळलंत तर समोरचा माणूस तुमचा तक्ता बिनचूक काढील आणि तो चुकीचा असेल.

खरं म्हणजे ही दारोदार फिरण्याची वेळ तुमच्यावर यायलाच नको होती. परदेशातल्या बऱ्याच विद्यापीठांत संख्याशास्त्र सल्ला कक्ष असतो, संशोधक वेळ ठरवून जातो, सुरुवातीलाच आराखडा तपासून घेतो. आपल्याकडं प्री-पीएच.डी. कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धती शिकवतात, परीक्षा होते, आणि खरी अडचण येते तेव्हा शेजारी कुणी नसतं. प्रत्येक विद्यापीठानं आठवड्यातून एक दुपार जरी अशा सल्ल्यासाठी राखली, तिथं चाक-खुर्ची जाईल असा रस्ता आणि गरज पडली तर खुणांच्या भाषेचा दुभाषी ठेवला, तर १८ हजारांत प्रकरण विकत घेण्याची वेळ कुणावर येणार नाही. पुढच्या संशोधक सल्लागार समितीच्या बैठकीत तुमच्या प्रगती अहवालात ही मागणी लिहा. अशी पाच-सहा अहवालांत आली की दखल घ्यावीच लागते.

तुमच्या अंध सरांना सांगा की, सहा मुलं ही अडचण नाही. विशेष शिक्षणात सिंगल सब्जेक्ट डिझाइन अशाच वर्गांसाठी वापरतात. एका मुलाला एकदा मोजून दुसऱ्याशी तुलना करायची नाही. त्याच मुलाला नवी पद्धत सुरू होण्याआधी पुन्हा पुन्हा मोजायचं, सुरू झाल्यावरही पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक मुलाला पद्धत वेगवेगळ्या आठवड्यात सुरू करायची. ज्याच्या त्याच्या वेळी बदल दिसला तर तो योगायोग म्हणता येत नाही. याचे पुढचे हिशेबही आहेत, पण मुळात आलेख वाचायचा असतो. आलेख ते कसा वाचणार, हा प्रश्न त्यांनाच पहिल्यांदा पडला असेल. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे आणि तो मराठीही वाचतो. 'आर'मध्ये सगळं काम आज्ञा टाइप करून होतं, माउस शोधत बसावं लागत नाही. त्यासाठी 'ब्रेलआर' नावाचं पॅकेज न्यूझीलंडमधल्या एका अंध संख्याशास्त्र प्राध्यापकानं केलंय. काही आलेखांचं ते शब्दांत वर्णन करून देतं. उठावदार कागदावर आलेख काढून घेतला तर हातानंही वाचता येतो.

त्यांचं अपंगत्व ४० टक्क्यांहून जास्त असल्यानं, आणि तुम्ही स्त्री असल्यानं, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत तुम्हा दोघांनाही मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत मिळू शकते. कोर्सवर्कच्या परीक्षेला लेखनिक आणि स्क्रीन रीडर असलेला संगणक यांपैकी काय हवं ते त्यांनी प्रवेशाच्या वेळीच लेखी मागावं. ऐन परीक्षेच्या तोंडावर मागितलं की 'पुढच्या वेळी बघू' असं उत्तर येतं.